कपाटावरचा कॅमेरा

सोमवार, ता. ४

आज पुन्हा तसंच! आईच्या पायावरचं पांघरूण घसरलेलं आणि मी इथे भाजी निवडत फोनमध्ये बघतेय. माझा हात तिथवर कसा पोचणार? म्हटलं, देवा, कुणाला तरी बुद्धी दे रे, तिचे पाय उघडे पडलेत. हातातली जुडी संपायच्या आत वहिनी आली आणि पांघरूण सारखं करून गेली! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "योगायोग." ह्यांना देव आठवतो तो दात दुखला की.

दादानं हा कॅमेरा आईच्या खोलीत कपाटावर बसवला, मला इथून ती दिसावी म्हणून. दिसते छान. फोनवर खाली दोन चित्रं आहेत – एक कर्ण्याचं, एक माइकचं. मी दोन्ही दाबून ठेवते. माइक म्हणजे आवाज, एवढं कळायला काय शाळा लागते! तरी आवाज मध्येच तुटतो, आणि तोही ऐन वेळी. स्वस्तातला घेतला असणार. माझाच भाऊ तो.

मंगळवार, ता. ५

दादाचा फोन. आईच्या गळ्यातली गाठ काढायचीच म्हणतात, पुढच्या शुक्रवारी. "आणि आवाज?" विचारलं. दादा म्हणाला, "राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

हिशेबाची वही आज उघडलीच नाही.

आईची सकाळची प्रार्थना तिची स्वतःची आहे. बाबा गेले त्या वर्षी तिनं ती रचली. घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं तिच्यात, वहिनीचंसुद्धा. शब्द माझ्याकडे लिहिलेले आहेत. चाल कुठे लिहून ठेवू?

वहिनीनं मोबाइलवर घेतलं असतं. पण आईसमोर मोबाइल धरला की ती पदर सावरते आणि गप्प बसते. शिवाय वहिनीला सांगायचं कुणी? आई कुणाकडे राहणार यावरून झालं, तेव्हापासून आमचं बोलणं "जेवलात का" एवढ्यावर आलंय.

कॅमेऱ्याचं मात्र आईला काही वाटत नाही.

गुरुवार, ता. ७

मला वाटत होतं, बघितलेलं सगळं फोनमध्ये राहत असेल. लेकीला फोन केला – ते काढून दे म्हटलं.

"आई, ते लाइव्ह आहे. दिसलं की गेलं."

"गेलं म्हणजे? कुठे?"

"कुठेच नाही."

इतके दिवस रोज सकाळी बघितलं ते कुठेच नाही? मग मी बघत काय होते? साठवायचं तर कंपनीला दर महिन्याला पैसे भरायचे म्हणे. आपल्याच आईचे! लेक म्हणाली, घरातला जुना कॉम्प्युटर हे काम फुकटात करील. रविवारी येते.

रविवार, ता. १०

लेक आली. दादाकडून कॅमेऱ्याचा पत्ता मागवला. पत्ता म्हणजे नुसते आकडे आणि ठिपके. गल्ली नाही, घर नाही! तो टाकला आणि कॉम्प्युटरवर आई दिसायला लागली. मी हात जोडले. लेक हसली.

"हे बघ, नळ चालू आहे, पण तू खाली बादली लावली नव्हतीस. आता लाल टिंब दाबलं की बादली लागली. झालं की हा चौकोन दाबायचा. चौकोन विसरायचा नाही. तो दाबल्याशिवाय फाइल पुरी होत नाही."

नळ कळला, बादली कळली. फाइल पुरी होत नाही म्हणजे काय ते नाही कळलं. विचारलं असतं, पण ती सारखी घड्याळ बघत होती.

सोमवार, ता. ११

लाल टिंब दाबलं. कॉम्प्युटरचा आवाज बंद ठेवला – एकच आवाज दोनदा कशाला – आणि नेहमीसारखा फोन घेऊन ओट्याशी उभी राहिले. आईनं आधी वर बघितलं. रोज बघते. देवाकडेच बघत असणार. मग सुरू केलं. दोन ओळी झाल्या की थांबते. दम पुरत नाही, गळ्यामुळे. मी तेवढ्यात पुढची ओळ इथे पुटपुटते, म्हणजे प्रार्थना खंडित व्हायला नको. मग ती पुढचं म्हणते.

झाल्यावर फोन बंद केला आणि जाता जाता कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटणही बंद केलं. सवयच आहे. रिकामा दिवा, रिकामा पंखा मला बघवत नाही.

आंघोळीला गेल्यावर आठवलं – चौकोन!

मंगळवार, ता. १२

फाइल दिसते, पण उघडत नाही. लेकीला सांगितलं.

"भिंतीवरचं बटण? अगं आई! त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीये. बटण बंद केलंस की तो जागच्या जागी बंद पडतो."

"पण आहे ना आत? एवढी जड दिसतेय फाइल."

"आत आहे, पण शिवण घालायची राहिली. पानं सुटी आहेत."

तिनं तिकडून खटपट केली. नाही जमलं. आजची प्रार्थना घ्यायचं त्या नादात राहूनच गेलं.

आणखी एक. काल दुपारी फोनमध्ये बघताना रागाच्या भरात म्हटलं होतं, वहिनी आईला चहा गार करून देते. आज वहिनी वाफाळता कप घेऊन आली आणि कपाटाकडे तोंड करून त्यावर फुंकर घालत उभी राहिली! देव माझ्या तक्रारीही ऐकतोय की काय? मग मागताना जपून मागायला हवं.

बुधवार, ता. १३

आई सकाळी उठलीच नाही, ग्लानीत होती. प्रार्थना नाही. उद्या दुपारी दवाखान्यात नेणार. एकच सकाळ उरली.

गुरुवार, ता. १४

भिंतीवरच्या बटणाला चिकटपट्टी लावली. ह्यांनाही बजावलं – हात लावाल तर बघा! "मी कशाला लावतोय," म्हणाले, "या घरात बटणं बंद करणारं एकच माणूस आहे."

आईनं वर बघितलं. म्हटली. सगळी म्हटली. शेवटी वहिनीचं नाव येतं तिथे आवाज चिरला, तरी म्हटली.

संपताच फोन बंद केला, नेट कशाला जाळायचं. भात उतरवला, मग आठवण झाली. धावत येऊन चौकोन दाबला. फाइलचं नाव येईपर्यंत पडद्याला डोळे लावून बसले. आलं.

उघडून बघितली नाही. नाही उघडली तर? आणि उघडली तर?

शुक्रवार, ता. १५

गाठ निघाली. आई ठीक आहे. आवाजाचं विचारलं, तर "बघू."

दिवसभर जप केला. मन लागलं नाही.

रविवार, ता. १७

लेक आली. फाइल उघडली!

आई वर बघते, सुरू करते, दोन ओळी म्हणते, थांबते. आणि मग खोलीत दुसराच आवाज – घाईतला, बेसूर. पुढची ओळ म्हणणारा.

"ही कोण?" मी विचारलं. लेक माझ्याकडेच बघत राहिली.

मी! माझं ओट्याशी पुटपुटणं, तिथे कपाटावरून! आई मान डोलावते आणि पुढची ओळ उचलते.

"आई, माइकचं चित्र बोलायला असतं, ऐकायला नाही. तू बोललीस की तेवढा वेळ तुला तिकडचं ऐकू येत नाही. म्हणून तुटतं."

प्रार्थना संपल्यावरही माझा आवाज – "देवा, तिची उशी सारखी कर रे कुणीतरी." मग मी गप्प. फोन बंद केला होता ना. पण कॉम्प्युटर चालूच होता.

वहिनी आत येते. "गेल्या का वन्सं?"

"गेली. कॅमेऱ्यावरचा बोलण्याचा निळा दिवा विझला." आईचा आवाज, घोगरा.

"उशीचा हुकूम झालाय." दोघी हसतात. मग वहिनी म्हणते, "आता तरी सांगू का हो त्यांना, सगळं ऐकू येतं म्हणून?"

"नको गं. लाजेल, बोलायची बंद होईल. मग सकाळी मी कुणाबरोबर म्हणू?"

वहिनी उशी सारखी करते. "तेही खरंच. आणि पाय उघडे पडलेले मला तरी कोण सांगणार?"

मी वहिनीबद्दल काय काय बोलले होते ते आठवत बसले. लेकीनं पाणी आणून दिलं.

बुधवार, ता. २०

आई काल घरी आली. गळ्याला पट्टी, आवाज नाही. सकाळी तिनं वर बघितलं. मी दोन्ही चित्रं दाबली आणि पहिल्या ओळीपासून मीच म्हटलं. आईचे ओठ हलत होते. दर दोन ओळींनंतर मी थांबत होते.

वहिनीला काही सांगितलं नाही. फक्त देवाला सांगितलं, जरा मोठ्यानं – देवा, ही बाई पाच दिवस दवाखान्यात उभी होती. तिला कुणीतरी बसल्या जागी चहा द्या.

दादा कप घेऊन आला. वहिनीनं तो हातात घेतला आणि वर बघितलं.