ओट्यावरचा पॉइंट

असोदा

प्रिय मेघा,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की आबा स्पीकर लावायला सांगतात आणि समोरच बसून राहतात.

तुझ्या धुळ्याच्या नव्या ओट्यावर, गॅसच्या वर मायक्रोवेव्ह बसणार आणि त्याचा पॉइंट आबा करणार, हे ठरल्यापासून त्यांच्या अंगात वारं शिरलंय. भेटेल त्याला सांगतात, याला फ्रिजच्या बोर्डातून लाइन द्यायची नसते, मेनमधून वेगळी ओढायची, जाड वायरची. ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस अजून पक्का वायरमन आहे. मलाही वाटायचं.

शेजारच्या रत्नाने असाच मायक्रोवेव्ह घेतला. गेल्या महिन्यात तिचा पॉइंट आबांनीच केला. तो चालू होईना, म्हणून तिने ओल्या हाताने दार ओढलं आणि ती ओट्यापासून लांब फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत. मगन वायरमनने पॉइंट उघडला आणि मला एकटीला बोलावून दाखवला. करंटची तार अर्थिंगला जोडलेली होती. मायक्रोवेव्हच्या अख्ख्या पत्र्यात करंट उतरला होता. "काकू, नवशिक्याही असं करत नाही," एवढंच तो म्हणाला.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. आबा रत्नाला बघायला गेले, तिचा हात हातात घेतला आणि संतापून म्हणाले, "कोनी करं हाई काम?" रत्ना माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. ते सोंग नव्हतं गं. तो पॉइंट आपणच केला होता, हेच त्यांना आठवत नव्हतं. जळगावला डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर "मी काय येडा शे का?" म्हणत भरल्या ताटावरून उठले.

काल दुपारी ते स्टुलावर चढून आपल्याच स्वयंपाकघरातला बोर्ड उघडत होते. मेन चालूच. मी ओरडले तर ते दचकतील, म्हणून दारातच थिजले. त्यांनी मागे वळून अगदी सहज म्हटलं, "मेघाले बलाव. बॅटरी धराले सांग. शाळामाईन वनी व्हई ती." मी मेन पाडला. मग, तू खरंच शाळेतून आली असशील तशी, अंगणात जाऊन तुला हाक मारली. काय करू, ते वाट बघत होते.

रविवारी आम्ही दोघं येतोय. ते ऐकत नाहीत आणि त्यांना एकटं सोडवत नाही. त्याआधी तिथल्या एखाद्या वायरमनकडून पॉइंट करून घे. आबांना सांग, फर्निचरवाल्याने परस्पर केला. ते चिडतील, चिडू दे. तरीही त्यांनी बोर्डाला हात घातलाच, तर वाद घालू नकोस, हात धरू नकोस. आधी मेन पाड.

तुझीच,
आई