निळ्या ताईचा शेवटचा भाग

आई, निळ्या ताईची मालिका मी बंद केली. तुला विचारायची सोय नव्हती, आणि असती तरी मी विचारलं नसतं, कारण तू नाहीच म्हणाली असतीस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

पहिला भाग तू का केलास ते मला नीट आठवतं. फॅक्टरीच्या क्वार्टर्ससमोरच्या रस्त्यावरून ट्रक सुसाट जायचे आणि शाळेच्या वेळी पोरांना पलीकडे जाता येत नसे. तू सगळ्यांना सांगून थकलीस आणि मग ठरवलंस, की यंदा जयंतीला विहाराच्या अंगणात नाटकाऐवजी आपला स्वतःचा पिक्चर भिंतीवर दाखवायचा. लग्नांचं शूटिंग करणारे शेजारचे काका कॅमेरा घेऊन आले. स्टेजच्या झालरीतून उरलेल्या निळ्या सॅटिनचा तू माझ्यासाठी पाठीवर फडफडणारा शेला शिवलास. त्या वाढदिवसाला नवा फ्रॉक मिळाला नाही, हाच मिळाला. एकदा तुझा डबा द्यायला मी फॅक्टरीच्या ऑफिसात आले, तर तू जेवणाच्या सुट्टीत गेटवर एका ड्रायव्हरला गाठून विचारते आहेस, "भैया, ब्रेक लगाने के बाद गाडी कितनी आगे जाती है?" तो हसतो, "मैडम, ट्रक लेना है क्या?" तोच पुढे पहिल्या भागात ट्रक घेऊन आला. निळी ताई तळहात पुढे करते आणि चालती गाडी जागेवर थांबते, एवढीच तिची शक्ती. मी हात पुढे करून उभी होते तेव्हा मला खरंच भीती वाटत होती, आणि पिक्चर बघताना अंगणात बसलेल्या बायकांनाही वाटली. कोणीतरी "अगं माय, सरक!" म्हणून ओरडलंही. नंतर त्या रस्त्यावर गतिरोधक झाला. तो आपल्यामुळेच, असं तू कायम सांगायचीस. मला अजूनही खात्री नाही.

पण पुढच्या वर्षी तिने रेल्वे थांबवली. मग विमान थांबवलं. ते दोऱ्याला बांधलेलं खेळण्यातलं होतं आणि दोरा दिसत होता. मग आकाशातून पडणारी उल्का आली, म्हणजे काळा रंग दिलेला फुटबॉल. तेव्हा मी कॉलेजात होते आणि स्वयंपाकघरात तुला म्हणाले होते, की आता तिला मरू दे किंवा हरू तरी दे. तू पोळी लाटत होतीस. लाटणं तसंच हातात धरून तू माझ्याकडे वळलीस. "मेली त मंग पुढच्या जयंतीले काय दाखवू? तुह्यं पुण्यानुमोदन?" माझ्याच मरणानंतरच्या विधीचं ऐकून मला हसू आलं आणि रागही आला. तू पुढे म्हणालीस, "लोक बसून राहिले न? मंग आपण दाखवत राहायचं. शहाणपणा नको शिकवू." त्या दिवशीचं उत्तर आज देते आहे असं समज.

लोक बसले आहेत हे गोष्ट चालू ठेवायचं कारण होऊ शकत नाही, आई. पहिल्या भागात आपण विचारलं होतं, अडचणीत कोण आहे? नंतर आपण एवढंच विचारू लागलो, की तिने अजून काय थांबवलेलं नाही? हा प्रश्न बदलला त्याच वर्षी मालिका संपली होती. तुझ्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि तू मान्य केलं नाहीस. तू गेल्यावर मीच लिहीत राहिले आणि मीच शेला घालत राहिले. एका वर्षी मी नर्मदेचा पूर थांबवला. समोर बघितलं तर लोक आरामात मसालेभात खात होते. जिची कुणालाच काळजी वाटत नाही, ती नायिका कसली?

गेल्या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत काकांनी सुचवलं, की शेला आता तुझ्या नातीला, माझ्या मुलीला द्यायचा आणि नवी निळी ताई करायची. तिला मराठी कळतं, पण ती बोलते हिंदीत. घरी येऊन ती म्हणाली, "मम्मी, सच में, अब मैं क्या रोकूँगी? सूरज?" मी ठरवलं ते तिच्या नकारामुळे नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून तपासलं आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून? सुटलेल्या पोटावर शेला शोभत नाही म्हणून? तेही थोडं असेल. पण ते नसतं तरी मी हेच केलं असतं. मी काकांना बंद म्हणून सांगितलं. ते चिडले. "काहून बंद करून राहिली तू? तुह्या मायनं उभं केलं हे! पिक्चर नसला त लोक जेवले की उठले. मराठी पोरं एका जागी बसतात कधी, सांग बरं?" या हिंदी मुलखात आपली माणसं एकत्र बसून मराठी ऐकतात अशी हीच एक संध्याकाळ उरली आहे, हे मलाही माहीत होतं. तरीही मी म्हणाले, एक शेवटचा भाग करते आणि मग नाही.

त्या भागात ती हात पुढे करते आणि स्कूटर थांबत नाही. ती बाजूला होते, थोडा वेळ हाताकडे बघते, मग रांगेतल्या पोरांचे हात धरून, दोन्हीकडे नीट पाहून रस्ता ओलांडते. बस. भिंतीवरचा उजेड गेला तेव्हा काका मोठ्याने म्हणाले, "झालं?" मागून एक म्हातारी म्हणाली, "झालं न. दमली असन पोरगी." कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिची काळजी केली. माझंच बरोबर होतं, आई. तू असतीस तर भांडलीच असतीस आणि मी मागे हटले नसते.

त्यानंतरची जयंती काल झाली. पिक्चर नव्हता. जेवणं उरकली, काही घरं लगेच निघाली, काका म्हणाले होते तसंच. काही थांबली, खुर्च्या ओढून घेऊन बोलत बसली, शहरातल्या नेपियर टाउनमधल्या क्लासेसच्या फीपासून कोणाच्या बदलीपर्यंत. पुढच्या वर्षी किती थांबतील ते मला सांगता येत नाही. हे पत्र डायरीतच राहील. तुझ्यापर्यंत न्यायची वाट नाही, आणि माझा निर्णयही बदललेला नाही. फक्त एवढं कबूल करते, की जेवण झाल्यावर पिक्चरच्या त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून पहिली खुर्ची मांडली ती मीच.