झिपरूच्या मोजलेल्या दमाबद्दल

भुसावळ, फेब्रुवारी १९८९

चि. झिपरू,
आक्काचा भरल्या छातीने आशीर्वाद. लेकाच्या रेल्वे क्वार्टरात मी मजेत आहे.

"दम मोजेल शे आक्का, चालीसन कशाले खर्चू?" म्हणत तू ओट्यावर बसून राहतोस. मीही तेच मानायची, की देवाने दम मोजून दिलाय, तो चालून उडवू नये. पण इथल्या डॉक्टरीणबाईंनी कधी व्यायाम न केलेल्या आम्हा माणसांच्या दोन टोळ्या केल्या. एकीने भरभर चालायचं, दुसरीने वजनं उचलायची. आधी दम मोजायच्या यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं, तर मी चूल पेटवल्यासारखी फू-फू केली. बाई हसल्या, "आजी, एका दमात सगळं बाहेर सोडा."

हिवाळाभर चालले. परवा पुन्हा फुंकलं, तर काटा चांगलाच वर गेला. वजनवाल्यांचे दंड भरले, दमही थोडा वाढला, पण आम्हा चालणाऱ्यांएवढा नाही. दम खर्चला की वाढतो, बाबा.

छातीत दुखत नाही ना? दुखत असेल तर आधी धुळ्याला दाखव. तुझी बायको ताईबाई तुझ्यासारखं लपवणार नाही, तिलाही विचारीन.

होळीला येते. सोनगीर फाट्यावर बैलगाडी आणू नकोस. मी एसटीतून उतरून फाट्यावरून चालत निघेन, तूही घरून हळूहळू चालत ये. वाटेत जिथे भेटू, तिथे सावलीत बसू.

तुझी वाट बघणारी,
आक्काबाई