रिसीव्हरवर थांबलेला हात

इचोडा, शनिवार संध्याकाळ, १९९४

उद्या नव्या टेलिफोन एक्स्चेंजचं उद्घाटन, आणि सरपंच म्हणून भाषण माझं. अडीअडचणीला आता फोन लागणारच, असं छातीठोक सांगायचं आहे. पण विठ्ठलरावांचा रिसीव्हरवर थांबलेला हात डोळ्यांपुढून जात नाही.

आजच्या चाचणीसाठी एक्स्चेंजच्या इंजिनीअरने गावाला बजावलं होतं : जिनिंग मिलचा भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम फोन लावा, मशीनला ताण सोसवतो का पाहू. भोंगा झाला तेव्हा मी विठ्ठलरावांच्या कापड दुकानात होतो. ते रिसीव्हरवर हात ठेवून समोरच्या दवाखान्याकडे बघत बसले.

"लावा ना, काऊन थांबले?"

"डॉक्टरसाहेब फोनवर बोलून राह्यले ना भाऊ. त्यायचं होऊ द्या. सगळ्यांनी एकदम लावलं का ऑपरेटर चिडते."

नव्या मशीनला ऑपरेटर नाहीच. सवय मात्र जुनी. शेजारच्या दुकानांत विचारलं, तिथेही हेच. इंजिनीअर खूश, मशीन पास. ताण आलाच कुठे?

हायवेवर ट्रक उलटला, तर कोण कोणासाठी थांबेल? तेव्हा फोन लागेल? मला ठाऊक नाही, आणि ग्वाही मी देणार?

नाही. उद्या फीत कापण्याआधी माईकवरून सगळ्यांना आपापल्या फोनपाशी पाठवतो, भोंग्यावर चाचणी पुन्हा, या वेळी खरोखर सगळ्यांनी एकदम. भाषण त्यानंतर. विठ्ठलरावांच्या हाताशेजारी मी स्वतः बसणार.