वाचनालयाला सूट नाही

प्रिय ओरियान,

सगळ्यांत आधी आली ती गिसलेन! हो, आपल्या नगर वाचनालयाचीच, जी चर्चमध्येसुद्धा प्रार्थना संपता संपता पोचते ती. मी अजून तुझ्या पुस्तकांच्या दुकानाच्या दारातला बर्फ लोटत होते, तर ही रस्त्यावरून ओरडतेय, "आजी, दुकान उघडताय की किल्ला बांधताय?" मागोमाग पलीकडच्या गावची वाचनालयवाली लुसेट, नाक लालबुंद आणि हातात रिकामी खोकी. खोकी पाहून मी फावडं दारातच आडवं धरलं. वाटलं, दुकान बंद होतंय हे फुटलं, आणि या उरलंसुरलं न्यायला आल्या.

तूच सांगून गेलीस ना, वाचनालयांना पुस्तकं विकायची सरकारी मान्यता मिळून शरद सरला, एकही वाचनालय फिरकलं नाही, आता मी क्वेबेकला कचेरीत नोकरी धरते, आजी, तू महिनाअखेरपर्यंत बस आणि कुलूप लाव. बसले बाई. तिसरीनंतर मला मासे साफ करायला बसवलं, त्यामुळे जाडजूड पुस्तकांना अजून बिचकूनच फडकं लावते. लहान मुलांची मात्र वाचते हं, चित्रांच्या आधाराने. असो.

दोघी कपाटं धुंडाळू लागल्या, हातावर ही चळत! मी हरखून म्हटलं, एवढं घेताय तर थोडं कमी लावते, घरच्याच आहात. गिसलेनने चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप्प, आजी! वाचनालयाला सूट द्यायची नाही, कायदा आहे. पोरीची मान्यता घालवाल!" मी म्हटलं, अगं, तुझ्या आईने माझ्याकडून कॉड मासा कधी पूर्ण भावाने नेला नाही. लुसेट हसायलाच लागली. "माशांना कायदा नाही, पुस्तकांना आहे. मोंत्रेआलच्या बड्या दुकानाला स्वस्तात द्यायची मुभा असती, तर नगरपालिकेने आम्हाला इथं येऊ दिलं असतं का? आम्ही आपल्या भागातल्या मान्यतेच्या दुकानातूनच घ्यायचं."

मग इतके दिवस कुठे उलथल्या होतात गं? तर म्हणे, तुझी मान्यता आली तोवर त्यांचे वर्षाचे पैसे संपले होते. नवे आत्ता जानेवारीत मिळाले. म्हणजे बघ, तुझ्यावर कोणी रुसलं नव्हतं.

सूट नाही तर नाही, मी मुरंब्याची बरणी काढली. गिसलेन म्हणाली, "भेट नको, पण इथेच बसून खाल्ला तर कायद्याला काय कळतंय!" तिघींनी मिळून अख्खा पाव फस्त केला.

फोनच केला असता, पण तू "हो हो आजी" म्हणून ठेवून देतेस, आणि मला मध्येच हुंदका येतो. त्या नोकरीच्या कागदावर सही केली असशील तर मी रागावणार नाही, तुझं आयुष्य आहे. केली नसशील तर थांब, लेकी. घर फार गप्प झालंय. आणि या बायका नवं काय चांगलं आलंय ते विचारतात, ते मी कुठून सांगू? त्यांना तूच हवी आहेस. शाळेच्या बाईंना घेऊन पुन्हा येतो म्हणाल्यात, फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणानंतरच्या मंगळवारी, सकाळीच.

तुझीच, वाट बघणारी
आजी