पिंजऱ्यातलं भोक

दसरा, संध्याकाळ. घोडपदेव.

दादाने आज गाडीच्या पूजेला लिंबू-मिरची टांगायची म्हणून माझ्या पिंजऱ्याला भोक पाडलं. आठ मिलिमीटर. जुन्या जीपची आम्ही दोघांनी डोंगरगाडी केली. ती उलटलीच तर त्याचं डोकं वाचावं म्हणून मी महिनाभर वेल्डिंग करून तो नळ्यांचा पिंजरा बांधला. आणि भोक नेमकं वाकावर, जिथे नळी आधी दुमडेल.

"अगं, एवढंसं तर आहे. उद्या कर्जतला चिखलात उतरायचंय, नजर नको लागायला."

एवढंसं. आठ मिलिमीटर. मी तिथेच बोलले का नाही? अख्खी चाळ सोनं वाटायला जमली होती म्हणून?

स्टिअरिंग खोलून आणलंय. नवी नळी बसेपर्यंत माझ्या कपाटात राहील. दादा आत्ताच दारात येऊन गेला.

"उद्या गाडी वळवू कशी?"

"लिंबाला सांग."