जांभई कोणाची

मंगळवार, नोव्हेंबर १९८२

आज मानसशास्त्राच्या तासाला मी मुलांना जांभई शिकवली. समोरच्याची बघून आपल्याला येते, नुसतं वाचूनही येते. त्यात आळस नाही, मेंदूच तसा घडलाय. सांगता सांगता अख्खा वर्ग जांभया द्यायला लागला. एका मुलीने विचारलं, "सर, घरात एकटंच असलं तर कोणाची बघायची?" सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसलो?

संध्याकाळी घरी एकटाच माळ घेऊन रोझरीच्या प्रार्थनेला बसलो. अर्ध्या रोझरीत माझ्या बायकोला, फिलूला, हमखास जांभई यायची. ती अंगठ्याने ओठांवर पटकन क्रूस काढायची आणि माझ्याकडे बघायची. मला यायचीच. मग "तुम्ही पण ना!" म्हणायची, जशी काही सुरुवात माझीच. नर्स म्हणून कुवेतला गेली, त्याला दीड वर्ष झालं. आज जांभई मला आली. अंगठा आपोआप ओठांवर गेला आणि मी तिच्या जागेकडे बघत थांबलो. तिथे नुसती चटई.

तिला पत्रात काय लिहावं सुचत नव्हतं. वाडीतली केळी, विहिरीचं पाणी, शेजारची लग्नं, दर वेळी तेच. आता जांभईबद्दलच लिहितो. वाचताना तिला आलीच, तर ती माझी.